दुसऱ्या भाषेचा वर्ग: पद्धत कुणी निवडायची?

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या सरांनी आयुष्यभर भाषा शिकवली. त्यामुळे विषय निवडताना मला फार शोधावे लागले नाही. दुसरी भाषा कशी शिकवावी हा प्रश्न दर पिढीत नव्याने उभा राहतो आणि दर पिढीला प्रशिक्षण वर्गातून त्याचे नवे उत्तर मिळते. भाषांतर पद्धत, प्रत्यक्ष पद्धत, संरचना पद्धत, संप्रेषण पद्धत. बी.एड.च्या उत्तरपत्रिकेत आपण सगळ्यांनी त्यांचे गुणदोष लिहिले आहेत. पण उद्या सकाळी दुसऱ्या तासाला, सातवी ‘ब’च्या वर्गात, यांतली कोणती पद्धत घेऊन जायचे? ते कुणी ठरवायचे आणि कशावरून?

माझे मत आधीच सांगते. ते शिक्षकाने ठरवायचे. ठरवताना पद्धत नवी की जुनी हे पाहायचे नाही. वर्गातली मुले कोण आहेत, घरी कोणती भाषा बोलतात, शाळेत किती वर्षे टिकणार आहेत आणि आपल्या स्वतःच्या तोंडी ती भाषा किती रुळली आहे, हे पाहायचे. या मताला मी कशी आले ते आज तुमच्यापुढे मांडते.

सुरुवात ज्या पद्धतीला आज सगळे नावे ठेवतात तिच्यापासून, म्हणजे भाषांतर पद्धतीपासून करू. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे संस्कृतचे पहिले पुस्तक १८६४ साली निघाले आणि दुसरे १८६८ साली. त्याआधी संस्कृत शिकायचे म्हणजे रूपावली, समासचक्र, अमरकोश तोंडपाठ करायचे आणि अर्थाची वाट पाहत बसायचे. भांडारकरांनी प्रत्येक धड्यात थोडेसेच व्याकरण दिले. लगेच त्याच व्याकरणावर बेतलेली संस्कृत वाक्ये इंग्रजीत आणि इंग्रजी वाक्ये संस्कृतात करायला दिली, सोबत लागतील तेवढे शब्द दिले. म्हणजे विद्यार्थी जे आज शिकला ते आजच वापरू लागला. आपण ज्याला जुनाट म्हणतो ती पद्धत त्या काळी मोठी सुधारणा होती. मुंबई विद्यापीठ १८५७ साली सुरू झाले होते, शाळा-कॉलेजांतल्या मुलांना संस्कृत ग्रंथ वाचता यायला हवे होते आणि बाजारात कुणी संस्कृत बोलत नव्हते. ध्येय वाचनाचे होते आणि पद्धत त्या ध्येयाला चोख बसली. ती पुस्तके आजही छापली जातात याचे कारण हेच आहे.

इंग्रजीसाठी हेच काम तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने पिढ्यान्‌पिढ्या केले. खेड्यातला मुलगा, आजूबाजूला इंग्रजी बोलणारे कुणी नाही, मास्तरांनाही बोलण्याचा सराव नाही. अशा वेळी पाठमाला हाती धरून तो एकटा बसला तरी चार वाक्ये पुढे जायचा. तिची उणीव खरी आहे: वाक्य आधी मराठीत तयार होते, मग एकेक शब्द पलटला जातो आणि बोलायची वेळ आली की जीभ अडते. पण ती उणीव सांगताना तिने कुणाला आणि कोणत्या परिस्थितीत आधार दिला हेही सांगायला हवे.

प्रत्यक्ष पद्धत अगदी निराळ्या गरजेतून आली. मॅक्सिमिलियन बर्लिट्झ यांनी १८७८ साली अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरात भाषेची शाळा काढली. त्या शाळेची म्हणून एक हकिकत सांगतात. बर्लिट्झ यांनी फ्रेंच शिकवायला निकोलस जोली नावाचा मदतनीस नेमला आणि तो आल्यावर कळले की त्याला इंग्रजी येतच नाही. त्यातच बर्लिट्झ आजारी पडले. काही आठवड्यांनी परतून पाहतात तो विद्यार्थी फ्रेंचमध्ये हसतखेळत बोलत आहेत. वस्तू दाखवायची, कृती करायची, नाव घ्यायचे; विद्यार्थ्याची भाषा वर्गात आणायचीच नाही. पण या हकिकतीत दोन गोष्टी सहज नजरेआड होतात. शिकवणारा जन्माने फ्रेंच बोलणारा होता आणि शिकणारे पैसे भरून स्वतःच्या इच्छेने आलेले, मोजकेच, मोठे लोक होते.

ही पद्धत आपल्याकडे आली ती सरकारी शाळांत. तिचा हिरिरीने पुरस्कार करणाऱ्यांत मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी केलेले पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन होते. हिंदुस्थानातल्या शाळांत इंग्रजी प्रत्यक्ष पद्धतीने शिकवावे यावर त्यांनी पुस्तक लिहिले. हेच ते रेन, ज्यांचे नाव ‘रेन अँड मार्टिन’ या व्याकरणाच्या पुस्तकामुळे भारतभर घराघरांत पोचले. व्याकरण घोकू नका, भाषा वापरा, असे सांगणाऱ्या माणसाचे स्मारक आपण व्याकरणाच्या पुस्तकात केले. त्याला कारण वर्गातली परिस्थिती आहे. पन्नास-साठ मुले, आठवड्याला मोजके तास आणि स्वतः इंग्रजी बोलायला कचरणारा शिक्षक. त्याला बोलण्याची पद्धत पेलली नाही, व्याकरणाचे पुस्तक पेलले. मी त्या शिक्षकाला दोष देत नाही. त्याला जे करता येत होते ते त्याने प्रामाणिकपणे केले.

त्याच काळात ढाक्याला शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात काम करणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी फार महत्त्वाचा प्रश्न विचारला. १९२६ साली बंगालमधल्या द्विभाषिकतेवर त्यांचा ग्रंथ आला. शाळेत आलेली बहुतेक मुले मधूनच शाळा सोडून जातात. मग तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षी सोडून गेलेल्या मुलाच्या हाती काय उरते? विम्याची पॉलिसी मध्येच बंद केली तर जी रक्कम परत मिळते, तिच्यासाठीचा शब्द वेस्ट यांनी शिक्षणाला लावला: समर्पण मूल्य. अर्धवट शिकलेल्या बोलण्याचे समर्पण मूल्य फार कमी, कारण गावी परत गेल्यावर बोलायला कुणी नाही. अर्धवट शिकलेल्या वाचनाचे मूल्य मात्र टिकते. म्हणून त्यांनी वाचन आधी धरले, ठरावीक शब्दसंख्येत बसवलेली वाचनपुस्तके तयार केली. पुढे १९५३ साली त्यांची सुमारे २००० इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध झाली आणि जगभरच्या पाठ्यपुस्तककारांनी तिचा आधार घेतला.

वेस्ट यांचा वाचनावरचा भर आज जसाच्या तसा घ्यावा असे मी म्हणणार नाही. आता गावागावांत मोबाईल आहे, ऐकायला भाषा मिळते. पण त्यांचा प्रश्न अजून आपल्यापुढे आहे. आठवीतून ऊसतोडीला जाणाऱ्या मुलीला आपण इंग्रजीचे काय दिले? हा प्रश्न मनात धरून वर्षाचे नियोजन केले, तर ‘शेवटी सगळे जुळून येईल’ असे गृहीत धरणारी कोणतीही पद्धत आपण घेणार नाही. दर वर्षाअखेर मुलाच्या हाती काहीतरी पुरे झालेले असेल, असेच काम निवडू.

संरचना पद्धतीबद्दल मी थोडक्यात बोलते. स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९५०च्या दशकात, मद्रासकडून ती देशभर पसरली. वाक्यांचे साचे सोप्याकडून अवघडाकडे लावायचे, प्रत्येक साचा कृतीसह दाखवायचा, पुन्हा पुन्हा म्हणून घ्यायचा. ‘धिस इज अ पेन’ म्हणत आपल्यापैकी अनेकजण याच वाटेने आलो. तिने शिक्षकाला निश्चित क्रम दिला हे तिचे श्रेय आहे. पण साचा पाठ असूनही मुलाला सांगण्याजोगे काही नसे. उजेडात धरलेल्या पेनला पेन म्हणण्याची गरज कुणालाच नव्हती.

आता इंग्रजीपासून थोडे बाजूला होऊन आपल्या मराठीकडे येऊ. २०२०च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. म्हणजे मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर इथल्या हजारो वर्गांत गुजराती, तमिळ, उर्दू, हिंदी घरांतली मुले मराठी ही दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून शिकत आहेत. त्यांना शिकवणारे बहुतेक शिक्षक मराठी मुलांना मराठी शिकवायला तयार झालेले असतात. ही दोन कामे निराळी आहेत. सामान्यरूपाचेच पाहा. मराठी घरातले मूल शाळेत येण्याआधीच ‘डब्यात’, ‘खिशात’, ‘पाण्यात’, ‘भावाला’ असे बिनचूक म्हणते. आपण त्याला फक्त नाव शिकवतो: याला सामान्यरूप म्हणतात. तमिळ घरातून आलेली मुलगी ‘डबात’ आणि ‘खिसात’ म्हणते. तिच्यासाठी नाव निरुपयोगी आहे. तिला ते रूप हवे आहे. मराठी बाहेरून शिकणाऱ्यासाठी या गोष्टी नीट मांडणारी पुस्तके कमी आहेत. फलटणला राहून काम केलेल्या मॅक्सीन बर्नसन आणि जाई निंबकर यांनी १९७०च्या दशकात तयार केलेले मराठीचे संदर्भ-व्याकरण हे त्यांपैकी एक. बर्नसन स्वतः अमेरिकेतून येऊन मराठी शिकल्या होत्या, त्यामुळे परक्या माणसाला कुठे ठेच लागते हे त्यांना अनुभवाने माहीत होते.

हेच सामान्यरूप वेगवेगळ्या पद्धतींनी कसे शिकवले जाईल? भाषांतरवाला शिक्षक तक्ता देईल: आकारान्त पुल्लिंगी असेल तर ‘या’, नपुंसकलिंगी एकारान्त असेल तर ‘या’, ईकारान्त स्त्रीलिंगी असेल तर तसेच. प्रत्यक्ष पद्धतीचा शिक्षक खडू खरोखर डब्यात टाकेल, खिशात ठेवेल, दप्तरातून काढेल. संरचनावाला ‘... कुठे आहे? ... मध्ये आहे’ हा साचा वीस वेळा म्हणून घेईल. आणखी एक वाट आहे, जी मला मुंबई-ठाण्याच्या वर्गांसाठी सर्वांत आवडते. मुलांच्या हाती लोकलचे वेळापत्रक द्यायचे. ‘ठाण्याहून साडेआठनंतर सुटणारी पहिली गाडी कोणती? ती कुर्ल्याला थांबते का? भायखळ्याला उतरून शाळेत नऊपर्यंत पोचता येईल का? वांद्र्याला जायचे तर कुठे गाडी बदलाल?’ मुले डोके लावतात, भांडतात, वेळ मोजतात. ठाणे, कुर्ला, भायखळा, वांद्रे यांची रूपे त्यांच्या तोंडून शंभरदा जातात, आणि दादरला, कल्याणला, पनवेलला ही न बदलणारी रूपेही जातात. आठ-दहा दिवसांनी फळ्यावर दोन रकाने करायचे: नाव बदलले ते इकडे, नाही बदलले ते तिकडे. नियम काय, ते मुलांना विचारायचे. मुले सांगतात. मग पुस्तकातला तक्ता उघडायचा आणि ‘डबा’, ‘खिसा’, ‘रस्ता’ त्यात घालून पाहायचे.

हे वेळापत्रकाचे काम माझ्या डोक्यातून आलेले नाही. त्यामागे एन. एस. प्रभू आहेत. प्रभू मद्रासला ब्रिटिश कौन्सिलमध्ये होते. १९७९ ते १९८४ या काळात त्यांनी बंगळूर, मद्रास आणि कडलूर परिसरातल्या साध्या शाळांत इंग्रजी शिकवण्याचा एक प्रकल्प चालवला. जगात तो बंगळूर प्रकल्प म्हणून ओळखला जातो. व्याकरणाचा अभ्यासक्रमच ठेवायचा नाही. नकाशा, रेल्वेचे वेळापत्रक, वय आणि नाती यांची कोडी अशी विचाराची कामे द्यायची. आधी शिक्षक वर्गासोबत तसेच एक काम प्रश्नोत्तरांतून करून दाखवतो, मग मुले ते स्वतः करतात आणि गुण मिळतात ते उत्तर बरोबर आहे की नाही यावर. भाषा कामाच्या ओघात शिकली जाते. १९८५ साली बेरेटा आणि डेव्हिस यांनी या वर्गांचे मूल्यमापन प्रसिद्ध केले. प्रकल्पातली मुले कामावर आधारलेल्या चाचणीत पुढे होती, जुन्या पद्धतीने शिकलेली मुले संरचनेच्या चाचणीत पुढे होती. ऐकणे, वाचणे अशा तटस्थ चाचण्यांत पारडे प्रकल्पाकडे झुकले होते. मुलांकडून ज्याचा सराव करून घ्याल ते त्यांना येते, हा त्यातला साधा धडा मला सर्वांत मोलाचा वाटतो.

पण प्रभूंचे माझ्या मते मोठे काम पुढचे आहे. स्वतःची इतकी गाजलेली पद्धत हाती असताना १९९० साली त्यांनी एक निबंध लिहिला आणि प्रतिपादन केले की सर्वोत्तम पद्धत अशी नसतेच. शिकवण्याचा खरा शत्रू वाईट पद्धत हा नसून यांत्रिकपणा आहे, असे त्यांचे म्हणणे. शिक्षकाला आपण जे करतो आहोत त्यातून शिकणे कसे घडते याची स्वतःची जाण हवी, ते त्याला मनापासून पटायला हवे. ती जाण जिवंत असेल तर भाषांतराचा तासही जिवंत होतो. ती मेली असेल तर सर्वांत आधुनिक कृतीही हजेरी घेतल्यासारखी उरकली जाते. ‘मग कशीही शिकवा’ असा याचा अर्थ नाही. जाण जिवंत ठेवायची तर दुसऱ्याचे वर्ग पाहावे लागतात, वाद घालावा लागतो, आपले पटणे बदलायची तयारी लागते. ते कष्टाचे काम आहे.

इथे पालकांना एक शब्द सांगायलाच हवा. मुलाला लहानपणीच इंग्रजी माध्यमात टाकले की भाषा आपोआप येते, अशी समजूत आहे आणि तिला आधार म्हणून कॅनडाचे उदाहरण दिले जाते. १९६५ साली मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट इथे इंग्रजी भाषक पालकांच्या आग्रहावरून बालवर्गापासून फ्रेंचमध्ये शिकवण्याचा प्रयोग सुरू झाला. तो यशस्वी झाला हे खरे. पण तिथे वर्गातली सगळीच मुले फ्रेंच न येणारी होती, शिक्षकांना मुलांचे इंग्रजी समजत होते, सुरुवातीला मुलांनी इंग्रजीत उत्तर दिले तरी चालत होते, घरच्या भाषेला समाजात पूर्ण मान होता आणि काही वर्षांनी इंग्रजीचे वाचन-लेखनही नीट सुरू होत होते. एवढे सगळे असूनही मेरिल स्वेन यांनी १९८५ साली दाखवले की अशा मुलांचे आकलन उत्तम झाले तरी बोलण्यात व्याकरणाच्या चुका टिकून राहतात, कारण त्यांना नेमके बोलायला लावणारे प्रसंगच पुरेसे येत नाहीत. यातले काय आपल्या तालुक्याच्या गावच्या इंग्रजी शाळेत असते? शिक्षिकेला इंग्रजी बोलताना धाप लागते, मराठी बोलल्यास दंड होतो, घरी वाचायला काही नाही. त्या मुलाची मराठीही कच्ची राहते आणि इंग्रजी पाठांतरावर चालते. पालकांची आकांक्षा शंभर टक्के बरोबर आहे. त्यांना दिलेला मार्ग चुकीचा आहे, आणि तो चुकीचा आहे हे स्पष्ट सांगणे आपले काम आहे.

आणि एक वर्ग असा आहे, जो दुसऱ्या भाषेचा आहे हेच आपण मान्य करत नाही. मेळघाटातल्या कोरकू मुलाचा पहिलीचा वर्ग. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. तिचे सगेसोयरे संथाळी आणि मुंडारी, दूर झारखंडकडे. मराठीशी तिचे कुळाचे नाते नाही. त्या मुलाला पहिल्या दिवसापासून मराठी ही जणू घरचीच भाषा आहे असे धरून बालभारतीचे पुस्तक उघडले जाते. वर त्याच पहिलीत इंग्रजी. महाराष्ट्रात २००० सालापासून ती पहिलीपासून आहे. म्हणजे सहा वर्षांच्या मुलावर दोन परक्या भाषा एकदम येतात आणि गप्प बसल्याबद्दल तोच ‘मागे पडलेला’ ठरतो. इथे माझे मत अगदी ठाम आहे. या वर्गात मुलाच्या घरच्या भाषेवाचून कोणतीही पद्धत चालणार नाही. शिक्षकाने कामापुरती कोरकू शिकलीच पाहिजे, गावातल्या एखाद्या शिकलेल्या मुलीला वर्गात सोबत घेतले पाहिजे, मराठी आधी भरपूर ऐकू दिली पाहिजे आणि अक्षरांची घाई थांबवली पाहिजे. डहाणूच्या पट्ट्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी, १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ नंतर कोसबाडला, मूल जिथे आहे तिथे शाळा नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. भाषेच्या बाबतीतही मूल जिथे आहे तिथूनच निघावे लागते.

राहिली परीक्षा. तुम्ही वर्षभर वेळापत्रके आणि नकाशे घेऊन शिकवलेत आणि मार्चमध्ये निबंध व रिकाम्या जागाच आल्या, तर डिसेंबरपासून तुमची पद्धत आपोआप बदलते. पालक बदलायला लावतात, मुख्याध्यापक लावतात. म्हणून तोंडी परीक्षेचे जे गुण आज हाती आहेत, ते प्रत्येक मुलाला पाच मिनिटे खरोखर ऐकून द्या. तेवढ्याने वर्गातला बोलण्याचा वेळ वाढतो. हा बदल करायला कुठल्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकारी या सभेला आले आहेत, त्यांना माझी विनंती आहे. वर्ग पाहायला जाल तेव्हा पाठ टाचणात कोणत्या पद्धतीचे नाव लिहिले आहे ते तपासू नका. शिक्षकाला एवढेच विचारा: या मुलांसाठी आज हे काम का निवडले? त्याचे कारण पटले तर त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्या. नाही पटले तर त्याच्याशी वाद घाला, पण वरून आलेले परिपत्रक पुढे करू नका. प्रशिक्षणाचा पैसा नव्या नावांवर खर्च करण्याऐवजी शिक्षकाची स्वतःची भाषा सुधारण्यावर खर्च करा. तासभर निर्धास्तपणे इंग्रजी बोलू शकणारा शिक्षक कोणतीही पद्धत निभावून नेतो.

आणि शिक्षक मित्रमैत्रिणींनो, पंधरा दिवसांतून एकदा शेजारच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसा. सहकाऱ्याचा तास संपल्यावर त्याने काय केले आणि का केले, यावर दोघे मिळून बोला. येत्या सोमवारपासूनच सुरुवात करा.